बिघडलेली बाटलीही चाखायला द्या
'वाइन टेस्टिंगला, म्हणजे वाइन चाखण्याच्या कार्यक्रमाला, बोलावलेले पाहुणे तज्ज्ञ वाइनला चेरी, चामडं, तंबाखू असे वास सांगतात ती निव्वळ फेकाफेक' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. डोळे नाकाला फसवतात हे खरंच आहे. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये संशोधक फ्रेडरिक ब्रोशे यांनी व्हाइट वाइनमध्ये लाल रंग मिसळून ५४ विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं! पण दोष ओळखणं ही फेकाफेक नव्हे.

नाशिकच्या एका टेस्टिंगला पाहुण्या बाईंनी एकाच वाइनचे दोन ग्लास फिरवले, त्यातला एक बुचामुळे बिघडलेल्या बाटलीतला. त्याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, आणि फळाचा गंध पार गेलेला. हा टीसीए नावाच्या संयुगाचा प्रताप. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. अपाय काही होत नाही, त्यामुळे लोक 'ही अशीच असेल' म्हणत पितात आणि मुकाट बिल भरतात. अशी बाटली हॉटेलात खुशाल बदलून मागावी. आपल्याकडच्या बऱ्याच वाइन बुचाऐवजी स्क्रू कॅपच्या (फिरवून उघडायच्या झाकणाच्या), त्यांत हा दोष क्वचितच सापडतो, म्हणून इथल्या हौशी मंडळींना तो वास ठाऊकच नसतो. आयोजकांनी पाहुण्यांना बोलावताना हा प्रयोग आवर्जून करायला सांगावा.