रॉबरी लिहू की बर्गलरी?

शटरवाली
गेल्या आठवड्यात आमच्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर रात्री उचकटलं. गल्ल्यातले सहा हजार आणि लॅमिनेशनचं मशीन गेलं. विम्याच्या फॉर्मवर मी ‘रॉबरी’ लिहिलं, तर एजंट म्हणतो, “ताई, बर्गलरी करा, नाहीतर अडकेल.” चोरी ती चोरीच ना? एका शब्दावरून पैसे अडतात?

जुना अंमलदार
अडतात. आणि ताई, चोरी ती चोरीच असं आमच्या ठाण्यात तरी कधी नव्हतं. नकळत वस्तू उचलली ती चोरी, म्हणजे थेफ्ट. सुरा दाखवून किंवा मारहाण करून नेली की जबरी चोरी, ती रॉबरी. तुम्ही घरी झोपलेल्या, दुकानात चिटपाखरू नाही, मग जबरी केली कोणावर? कुलूप तोडून आत शिरले ती घरफोडी. बर्गलरी म्हणतात ती हीच. १८६० च्या दंडसंहितेत मात्र तो शब्द नाही, तिथे ‘हाउस-ब्रेकिंग’. आम्ही तर आकड्यांतच बोलायचो. ‘४५७, ३८०’ म्हटलं की रात्रीची घरफोडी. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे नवे आकडे आले, माझ्या तोंडात अजून जुनेच बसलेत.

दरोड्याचं तर गणितच असतं. लोक घाबरून सांगायचे, “चार-पाच जण होते साहेब.” मी पेन थांबवून विचारायचो, “चार की पाच?” त्यांना वाटायचं, हा मुद्दाम छळतोय. पण चौघं असले तर जबरी चोरी, पाच किंवा जास्त असले तर दरोडा. कलमच बदलतं. दरोड्याला इंग्रजीत डकॉइटी म्हणतात, तो शब्द गेलाय आपल्याच डकैतीवरून.

असो. फिर्यादीची प्रत काढून बघा, तुटलेलं कुलूप पंचनाम्यात आलंय का. बर्गलरीच्या विम्याला फोडून शिरल्याची खूण लागते.

खडू-फळा
माझ्या वर्गात वेगळाच घोळ. मुलं हमखास लिहितात, ‘माय पर्स वॉज रॉब्ड’. ‘स्टील’ वस्तूला लागतं, ‘रॉब’ माणसाला नाहीतर बँकेला. पर्स ‘स्टोलन’, पर्सवाली ‘रॉब्ड’. बाकी घर फोडलं तरी इंग्रज लोक बोलताना ‘आम्हाला रॉब केलं’ असंच म्हणतात. म्हणजे शटरवाली ताई अगदीच चुकल्या नाहीत, फक्त फॉर्मवर ते चालायचं नाही.

शटरवाली
बघितलं काका. ‘शटरचे कुलूप तोडून’ असं आहे, कुलूपही जप्त केलंय. फॉर्मवर बर्गलरी केलं. पण फिर्यादीत लॅमिनेशनच्या मशीनचं ‘इस्त्रीचे मशीन’ झालंय! त्यासाठी परत जावं लागेल?

जुना अंमलदार
लागेल. पुरवणी जबाब द्या, मशीनचं बिल बरोबर न्या. आणि सकाळी लवकर जा, नंतर सगळे बंदोबस्ताला गेलेले असतात.