‘राख पाणी ओढते’: पण कुठली राख? (निपाणी, बेळगाव आणि खानापूरच्या तिघांचं बोलणं)

निपाणी: आमच्याकडं साइटवर काँक्रीटचा माल कालवताना मिस्त्री म्हणतात, ‘राखेचा माल आहे, पाणी ओढतोय, वाढवा पाणी.’ काँक्रीट प्लँटचा इंजिनिअर म्हणतो, फ्लाय ॲशनं, म्हणजे सिमेंटबरोबर घालतात त्या वीज केंद्राच्या राखेनं, पाणी उलट कमी लागतं. कन्नड कामगार तिला ‘हारुबूदी’ म्हणतात, आपण नुसतं ‘राख’. मग ‘ओढते’ हा शब्द चुकीचा का?

बेळगाव: शब्द बरोबर आहे, पण तो दुसऱ्या राखेचा. चिकोडी, संकेश्वर, अथणी या साखरपट्ट्यात राख म्हटलं की कारखान्याच्या बॉयलरची, उसाच्या चिपाडाची राख डोळ्यासमोर येते. तिचे कण वेडेवाकडे, सच्छिद्र, त्यात अर्धवट जळालेला काळा भुगा. ती खरंच पाणी ओढते.

रायचूरजवळच्या शक्तिनगरसारख्या वीज केंद्रातली राख वेगळी. कोळशातली माती भट्टीत वितळते आणि धुराबरोबर जाताना गोठते, म्हणून तिचे बहुतेक कण म्हणजे काचेच्या बारीक गोळ्या. त्या घरंगळतात, माल तेवढाच सैल राहतो आणि पाणी कमी पुरतं. तिला स्पष्ट ‘फ्लाय ॲश’च म्हणावं. नुसतं ‘राख’ म्हटलं की दोन्हींची गल्लत होते आणि ती मालात उतरते.

निपाणी: होय की, पण फ्लाय ॲशचा मालही कधी कधी ओतायच्या आधीच आटतो. तो का?

बेळगाव: तिथं पाणी नाही, कमी पाण्यात माल सैल राहावा म्हणून घालतात ते केमिकल ओढलं जातं. सिमेंटचे कण पाण्यात गेले की गुठळ्या धरतात आणि पाणी आत अडकवून ठेवतात. केमिकल कणांवर चिकटून त्यांना एकमेकांपासून दूर लोटतं, अडकलेलं पाणी सुटतं. फ्लाय ॲशमध्ये न जळलेला कोळसा राहिला असेल तर तो हेच केमिकल स्वतःत शोषतो, सिमेंटच्या वाट्याला कमी येतं. म्हणून भारतीय मानक 3812 मध्ये जाळून बघितल्यावर वजनातली घट 5 टक्क्यांच्या आत असावी असं बंधन आहे. राख नेहमीपेक्षा काळपट आली तर आधी तिथंच शंका घ्या. अशा वेळी पाणी वाढवलं तर माल सैल होतो, पण ताकद जाते. आमच्या भागात हे सर्रास चालतं, याचं फार वाईट वाटतं.

खानापूर: ‘केमिकल’ या शब्दावरच माझा आक्षेप आहे. ‘केमिकल घाल’ म्हटल्यावर पोरानं वॉटरप्रूफिंगचा डबा ओतलेला मी बघितलाय. ‘प्लास्टिसायझर’ म्हणा, सगळ्यांच्या तोंडी बसलाय. ‘जलन्यूनक’ वगैरे शब्द साइटवर कुणी उच्चारणार नाही.

अजून एक. डब्यावर ‘सिमेंटच्या वजनाच्या 1 टक्का’ लिहिलेलं असतं. घनमीटरमागे 300 किलो सिमेंट आणि 100 किलो फ्लाय ॲश असेल तर 3 किलो घालायचं की 4? इथं ‘सिमेंट’चा अर्थ नुसतं सिमेंट की दोन्ही मिळून, हे पुरवठादाराला विचारून घ्या. चांगली फ्लाय ॲश सिमेंटपेक्षा कमी प्लास्टिसायझर घेते. उगाच 4 किलो ओतलं तर पाणी वर येतं, खडी खाली बसते. शिवाय पीपीसीच्या, म्हणजे फ्लाय ॲश मिसळूनच येणाऱ्या सिमेंटच्या, पोत्यात आधीच 15 ते 35 टक्के फ्लाय ॲश असते, वरून आणखी घालताना ती धरूनच हिशेब करा.

निपाणी: आणि थंडीत दुसऱ्या दिवशीही स्लॅब ओला लागतो, तो या प्लास्टिसायझरमुळंच?

बेळगाव: बरेचदा. लिग्नोसल्फोनेटचा स्वस्त प्लास्टिसायझर लाकडाचा लगदा करताना निघतो, त्यात साखरेचे अंश राहतात आणि साखर सिमेंटला सेट होऊ देत नाही. फ्लाय ॲशही सावकाश काम करते. डिसेंबरात दोन्ही एकत्र आले की सेटिंग लांबतं. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकू, काढायची घाई करू नका. फ्लाय ॲशच्या मालावर पाणी मारायचं ते किमान 10 दिवस, काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्येच तसं आहे, साध्या सिमेंटला 7. आणि ओतायच्या आधी तुमचीच वाळू, तुमचंच सिमेंट, त्याच गाडीतली फ्लाय ॲश घेऊन छोटा घाणा, म्हणजे थोडाच माल कालवून, करा, तासाभरानं तो किती सैल राहतो ते बघा.

खानापूर: ‘घाणा’ बरोबर शब्द. आमच्याकडं ‘ट्रायल’ म्हणतात, पण घाणा म्हटलं की बिगाऱ्यालाही कळतं.