मदत हवी आहे: टर्बिनाफिनला न जुमानणारा नायटा

माझ्या एका रुग्णाच्या जांघेत आणि कमरेवर पसरलेला नायटा. टर्बिनाफिन (बुरशीवरचं औषध) २५० मिग्रॅ रोज, सहा आठवडे पूर्ण. तरी कड तशीच लाल, बारीक खवल्यांची. मधली कातडी काळवंडलेली. आधी स्टिरॉइडचं मिश्र मलम भरपूर लावलंय. घरात आणखी दोघांना तेच. संशय ट्रायकोफायटॉन इंडोटिनीचा, म्हणजे टर्बिनाफिनला बऱ्याचदा दाद न देणाऱ्या बुरशीचा.

जागा स्पिरिटने पुसून, सुकू देऊन, १५ नंबरच्या ब्लेडने खरवड कडेवरूनच घेतली (मधून घेतली की बुरशी बहुधा सापडत नाही, आणि मलमाचा तेलकटपणा राहिला तर स्लाइडवर थेंबच थेंब दिसतात). १० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहण्यासाठी) तंतू स्पष्ट दिसले. पण केओएचवरून ना प्रजाती कळते, ना औषधाला दाद देईल का ते. कल्चरवरही (बुरशी वाढवून पाहिली तरी) ही तिच्या जवळच्या मेंटाग्रोफायटिस प्रजातीसारखीच दिसते.

म्हणून विचारते: पुणे-मुंबईत आयटीएस सिक्वेन्सिंगसोबत (डीएनएवरून प्रजाती ओळखणं) स्क्वालीन इपॉक्सिडेज जनुकातला (टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर काम करतं त्याच्या) ३९३ आणि ३९७ क्रमांकाचा बदल कोण तपासून देतं? खरवड कोरड्या काळ्या कागदात पाठवायची की कल्चरच हवं?

दुसरं, आता बुरशीवरचं दुसरं औषध, इट्राकोनाझोल, रोज १०० की २०० मिग्रॅ? २०२२ च्या भारतीय चाचणीत दोन्हींत मोठा फरक दिसला नाही, बरे झालेल्यांतही पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण मात्र बरंच होतं. रुग्णाला पँटोप्राझोल (आम्लता कमी करणारं औषध) रोज लागतं, म्हणजे इट्राकोनाझोलच्या साध्या कॅप्सूलचं शोषण घटणार. अशा वेळी सुपर बायोअव्हेलेबल (जास्त शोषला जाणारा) प्रकार वापरून तुमच्याकडे किती आठवड्यांत केओएच निगेटिव्ह आलं? हृदय आणि यकृत ठीक आहे, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) चालू नाही.