मडगावच्या न्यायालयाचे समन्स आले आहे. गोव्याचा कौटुंबिक कायदा जाणणारा वकील कसा शोधावा?

थोरली बहीण, डिचोली

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न २०१६ साली झाले असून त्याची नोंद डिचोलीच्या नागरी निबंधक कार्यालयात आहे. गेले आठ महिने ती पाच वर्षांच्या मुलीसह आमच्याकडे माहेरी राहते. मागच्या आठवड्यात मडगावच्या दिवाणी न्यायालयातून घटस्फोटाच्या दाव्याचे समन्स आले. आमच्या घरात कोर्टाची पायरी आजवर कोणीच चढलेले नाही, त्यामुळे ‘कैफियत’, ‘अंतरिम पोटगी’, ‘समाईक मालमत्ता’ हे शब्द आम्ही कागदावर वाचतो, पण त्यांचा नेमका अर्थ आम्हाला उमगत नाही. कोल्हापूरच्या मामांनी तिथल्या एका वकिलांना विचारले, तेव्हा त्यांनी हिंदू विवाह कायद्याची कलमे सांगून नवऱ्याच्या मालमत्तेत तिचा काही वाटा नसल्याचे कळवले. इथल्या एका परिचितांचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. योग्य वकील कोणत्या निकषांवर निवडावा आणि त्याच्याकडे जाण्यापूर्वी आम्ही काय समजून घ्यावे, हे कृपया सांगावे.

निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, फोंडा

ताई, सर्वप्रथम समन्स हाती पडल्याची तारीख लिहून ठेवा. दाव्यातील प्रत्येक आरोपाला दिलेले लेखी उत्तर म्हणजे कैफियत. ती समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत दाखल करायची असते. न्यायालयाने परवानगी दिली तर ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढते. उत्तर गेले नाही आणि तारखेला कोणी उभेही राहिले नाही, तर दावा एकतर्फी चालतो, म्हणजे समोरच्याचेच म्हणणे ऐकून निकाल होऊ शकतो. त्यामुळे वकिलाचा शोध सावकाश घेण्याइतका वेळ आपल्याकडे नाही.

आता मामांच्या सल्ल्याविषयी. त्या वकिलांनी सांगितलेला कायदा महाराष्ट्रापुरता बरोबर असेल, परंतु गोव्यात नोंदलेल्या आपल्या बहिणीच्या लग्नाला तो लागू होत नाही. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चे विवाहाचे व घटस्फोटाचे कायदे १९६१ च्या मुक्तीनंतरही चालू राहिले, आणि ते हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सर्वांना लागू आहेत. लग्नापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केलेला नसेल, तर लग्नाबरोबर पती-पत्नीची मालमत्ता एकत्र येते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा, अविभक्त हिस्सा होतो. समाईक मालमत्ता म्हणतात ती हीच. लग्नाआधीची, नंतर कमावलेली आणि वारसाने आलेली मालमत्ताही, काही अपवाद वगळता, तिच्यात धरली जाते. मात्र सासरे हयात असतील तर त्यांचे घर त्यांचेच आहे. मुलाला वारसाने मिळेल तोच हिस्सा समाईकात येईल. हा फरक लक्षात न घेता अनेक कुटुंबे भलत्याच आशेवर वर्षानुवर्षे भांडत राहतात, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

पत्नीच्या संमतीशिवाय पतीला स्थावर मालमत्ता विकता येत नाही, हेही बहिणीला सांगा. कोणत्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर तिने सही करू नये. घटस्फोटाचा हुकूम झाला म्हणून वाटणी आपोआप होत नाही. तिच्यासाठी वेगळी इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवण्याची न्यायालयीन कार्यवाही करावी लागते, आणि तिची पद्धत गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात दिली आहे.

वकील पारखण्याचा माझा निकष एकच आहे. पहिल्या भेटीत त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला मागितला का आणि लग्नापूर्वी करार झाला होता का असे विचारले का, हे पाहावे. हे दोन प्रश्न न विचारता जो थेट शुल्काचा आकडा सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. दाखल्याची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवा. आपल्याकडे लग्नाच्या इच्छेची घोषणा करताना एक सही होते आणि ठरावीक दिवसांनी दुसरी, आणि विवाह त्या दुसऱ्या सहीनेच पूर्ण होतो. पहिल्याच सहीला लग्न समजणारे लोक मी कार्यालयात अनेकदा पाहिले आहेत.

एक अनुभवी वाचक, मडगाव

मी स्वतः या वाटेने गेले आहे, म्हणून व्यवहारातले चार शब्द लिहिते. दावा मडगावात चालणार असेल, तर वकीलही रोज तिथे उभा राहणारा घ्यावा. डिचोलीहून येणाऱ्या वकिलाला त्याच दिवशी दुसऱ्या न्यायालयात काम निघाले की तहकुबी मागितली जाते, आणि दोन बस बदलून आलेल्या आपल्या बहिणीला पुढची तारीख घेऊन परत जावे लागते. माझ्या पहिल्या वकिलांनी सगळे शुल्क आरंभीच घेतले आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक तारखेला ज्याला प्रकरण ठाऊक नव्हते असा कनिष्ठ सहकारी पाठवला. म्हणून शुल्क टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरवावे, त्यात काय येते व काय येत नाही हे लिहून घ्यावे आणि पावती मागावी. मिळणाऱ्या रकमेचा किंवा मालमत्तेचा ठरावीक हिस्सा शुल्क म्हणून मागणे वकिलांच्या नियमांना धरून नाही, तेव्हा कोणी तसे सुचवले तर उठून यावे. वकीलपत्र म्हणजे आपल्या वतीने उभे राहण्याचा अधिकार देणारा कागद. त्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा.

अंतरिम पोटगी म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या काळासाठी मिळणारा खर्च. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या एका निकालानुसार पती-पत्नी दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते. तिथे मला एक कागद अनपेक्षितपणे उपयोगी पडला. प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात ती ५ए कलमात होती) आपल्याकडे पगार वगळता घरभाडे, व्याज, व्यवसाय यांचे उत्पन्न पती-पत्नींत निम्मे-निम्मे दाखवले जाते. बहिणीच्या नावाने विवरणपत्र भरले जात असेल तर ते जरूर काढून पाहा. नवऱ्याचे पगाराबाहेरचे उत्पन्न त्यात दिसून येईल.

मुलीबाबत ‘ताबा’ आणि ‘पालकत्व’ हे दोन शब्द वेगवेगळे समजून घ्या. मूल कोणाजवळ राहणार हा ताब्याचा प्रश्न असतो. त्याच्या वतीने कायदेशीर निर्णय कोण घेणार हा पालकत्वाचा. एकाकडे ताबा गेला तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क मिळू शकतो. शाळेची पावती, लसीकरणाचे पुस्तक, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असे सगळे कागद आतापासूनच एका जागी ठेवा.

एक वाचक, वाळपई

शुल्काची चिंता असेल तर एक गोष्ट राहून जाऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या १२व्या कलमानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा प्राधिकरणात किंवा तालुका समितीकडे अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. तिथले वकील मन लावून काम करत नाहीत हा समज सरसकट खरा नाही. माझ्या आत्येबहिणीला तिथून मिळालेल्या वकीलबाईंनी तिचा प्रत्येक कागद तिला वाचून समजावला होता. घरात मारहाण किंवा धमकी झाली असेल तर तेही पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगावे, कारण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण, निवास आणि खर्च यांसाठी वेगळा अर्ज करता येतो. तो कायदा गोव्यातही लागू आहे.

थोरली बहीण, डिचोली

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. समन्स मिळून आज नऊ दिवस झाले. विवाह नोंदणीच्या प्रमाणित प्रतीसाठी आज अर्ज दिला. लग्नापूर्वी कोणताही करार झाला नव्हता, असे बहीण सांगते. तिच्या नावाने विवरणपत्र भरले जात होते आणि ती न वाचताच सही करत असे, हे मला आजच कळले. सोमवारी आम्ही दोघी मडगावला जात आहोत. आधी विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करू आणि त्यानंतर मडगावातच वकिली करणाऱ्या दोन वकिलांना भेटू. एक शंका मात्र उरते. एकदा वकीलपत्र दिल्यावर वकील बदलायचा झाल्यास काय करावे लागते?

निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, फोंडा

वकील बदलण्याचा अधिकार पक्षकाराला असतो. पहिल्या वकिलांकडून ना हरकत लिहून घ्यावी, आपली मूळ कागदपत्रे मोजून परत घ्यावीत आणि नव्या वकिलांचे वकीलपत्र दाखल करावे. ना हरकत मिळत नसेल तर न्यायालयाकडे परवानगी मागता येते. म्हणूनच सोमवारी कोणाकडेही मूळ कागद ठेवून येऊ नका. छायाप्रती द्या आणि मूळ कागद घरी बहिणीपाशीच असू द्या.