कॅमेरा कंपनीचा, रस्ता गावाचा. मग हुकूम कोणाचा?

सरोवरकाठचा_बंड्या
आमच्या शेजारच्या एव्हन्स्टनची गंमत ऐका. शिकागोला लागून उत्तरेला, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं गाव. तिथे फ्लॉक सेफ्टी कंपनीचे, गाड्यांच्या नंबरप्लेट टिपणारे १९ कॅमेरे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये नगरपालिकेने करार रद्द केला. कंपनीने बरेचसे उतरवले आणि काही दिवसांनी न विचारता परत चढवले! पालिकेने वकिली नोटीस दिली आणि तोवर कॅमेऱ्यांवर चक्क प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. घर रिकामं करून गेलेल्या भाडेकरूने रात्री येऊन पुन्हा गादी अंथरावी, तसला प्रकार. माझ्या मते पालिकेचं शंभर टक्के बरोबर.

नियमावर_बोट
शंभर टक्के? करार २०२९ पर्यंतचा होता ना? कंपनीला तो मोडण्याचं कारणच मान्य नाही. मनात आलं की करार फाडायचा असेल, तर उद्या चांगला ठेकेदार निविदा भरेल का? भुर्दंड शेवटी करदात्यालाच.

सरोवरकाठचा_बंड्या
मनात आलं म्हणून नाही हो मोडला. आमच्या इलिनॉय राज्यात २०२४ पासून कायदा आहे, नंबरप्लेटची माहिती स्थलांतरितांना पकडायला किंवा गर्भपात केलेल्या बाईच्या मागावर जायला द्यायची नाही. राज्याच्या तपासणीत निघालं, कंपनीने केंद्राच्या सीमा खात्याला इथली माहिती पाहू दिली होती. त्याआधी मे महिन्यात टेक्सासच्या एका शेरीफ कचेरीने गर्भपात केलेल्या एका बाईचा शोध देशभरच्या कॅमेऱ्यांत घेतला, त्यात इलिनॉयचेही होते. शिकागोजवळच्याच ओक पार्क गावानेही करार संपवला, तो काय उगाच?

नियमावर_बोट
तो शेरीफ म्हणतो, घरच्यांना तिची काळजी होती म्हणून शोधलं. ते सोडा. शोध घेतला पोलिसांनी, दोष यंत्राला? चोरीची गाडी याच कॅमेऱ्याने सापडते तेव्हा कोणी धागा काढत नाही.

दुपारची_झोप
काळजी होती म्हणे! शोधाच्या कारणात 'गर्भपात' असं लिहून काळजी करतात होय? मुलगी शिकायला तिकडे आहे, म्हणून जरा तिखट लिहिलं. माफ करा.

तालुक्याचा_माणूस
बंड्याभाऊ, तुमच्याकडचा ठेकेदार परत येतो, हेच नवल. आमच्या गावचा गेला तो गेलाच. बसस्टँड, बाजारपेठ, तलावाचा घाट, सगळीकडे नगरपरिषदेने स्वतःच्या पैशाने कॅमेरे बसवले. नारळ फुटला, फोटो निघाले. वर्षभरात देखभालीचा करार संपला, ठेकेदार फोन उचलेना. शेजाऱ्याची मोटारसायकल गेली म्हणून फुटेज मागायला गेलो, तर कंट्रोल रूमला कुलूप. उघडलं, तर रेकॉर्डरचा पासवर्ड फक्त ठेकेदाराच्या पोराला ठाऊक! कॅमेरे आमचे, वायर आमची, वीज आमची, आणि किल्ली त्याच्याकडे. मुख्याधिकारी म्हणाले, "पत्रव्यवहार सुरू आहे."

वायरवाला
या धंद्यात पंधरा वर्षं काढलीत, तेव्हा दुसरी बाजूही ऐका. एल-वन, म्हणजे निविदेत सगळ्यात कमी दराचे, येण्यासाठी आम्ही दर पाडतो, ही आमची चूक, मान्य. पण काम झाल्यावर बिल किती टेबलांवरून फिरतं, ते पाहिलंय का कोणी? अनामत दोन-दोन वर्षं अडकते. पाणीपुरवठ्याचा जेसीबी येतो, केबल तोडून जातो, दंड मात्र आमच्या बिलातून. एका ठिकाणी तर वीजबिल नगरपरिषदेने थकवलं, मीटर कापला, आणि वर 'कॅमेरे बंद' म्हणून नोटीस मलाच. मग पासवर्ड हातात ठेवतो माणूस. दुसरं काय आहे त्याच्याकडे?

तालुक्याचा_माणूस
वायरवालेशेठ, बिलाचं दुखणं खरं आहे. पण ज्याची मोटारसायकल गेली त्याने काय तुमचं बिल अडवलंय? त्याला कशाला ओलीस धरता?

वायरवाला
त्याला नाही, साहेबांना धरतो. पण साहेबांची गाडी कधी चोरीला जात नाही, हीच अडचण.

दुपारची_झोप
😂 पण म्हणजे तुम्हीही तेच केलंत की, जे त्या अमेरिकन कंपनीने केलं.

वायरवाला
नाही ताई. मी पैसे मिळेपर्यंत किल्ली ठेवली, फुटेज कोणाला दिलं नाही. त्यांनी गावची माहिती परक्या खात्याला दाखवली. थोडा फरक करा.

नियमावर_बोट
फरक पटला. तरी माझा मुद्दा उभा आहे. करारातच लिहून घ्यायचं ना: पासवर्ड पहिल्या दिवसापासून सीलबंद पाकिटात पालिकेकडे, आणि माहिती कोणी पाहिली त्याची नोंद दर महिन्याला. एव्हन्स्टनसारख्या शिकलेल्या गावाला हे आधी सुचू नये?

सरोवरकाठचा_बंड्या
कायदा होता, तरी कंपनीने दाखवलीच ना? कागदावर लिहून काय होतं. कॅमेरा भाड्याचा, यंत्रणा कंपनीची, मग पाकिटात ठेवणार काय?

तालुक्याचा_माणूस
आमच्याकडे पाकीटही होतं म्हणतात. कपाटात आहे. कपाटाची किल्ली बदली झालेल्या क्लार्ककडे.