कुरणावरचे घोडे अन् स्नायूंचा आजार: आपल्याकडे काय जपायचं?

प्रश्न (हिंगणा रोडवाला): दोन घोड्या अन् वर्षाचं शिंगरू आहे. पडीक वावरात दिवसरात्र चरतात. युरोपात कुरणावरच्या घोड्यांना स्नायूंचा आजार होतो अन् बरेचसे दगावतात, असं वाचलं. आपल्याकडे तो आहे का? दिवाळीनंतर गवत सुकलं की शिंगराची फार काळजी वाटते.

उत्तर (जुना पशुवैद्य): दादा, तो आजार मेपल जातीच्या झाडांचा. युरोपात सिकामोर मेपल, अमेरिकेत बॉक्स एल्डर. पानगळीत पंखवाल्या बिया वाऱ्याने कुरणात पडतात, पुढच्या वसंतात त्यांची रोपं उगवतात. बिया अन् रोपं, दोन्हींत हायपोग्लायसिन ए नावाचं विष असतं. त्यामुळे स्नायूंना चरबीतून ताकद घेता येत नाही. उभं राहण्याचे, श्वासाचे स्नायू निकामी होतात. ही झाडं तुमच्या वावरात नाहीत.

पण तिकडे या आजारात सापडतात कोणते घोडे? वयाने लहान, अंगाने वाळलेले, चोवीस तास बाहेर, वरचा खुराक नाही, कुरण चरून संपलेलं. तुमचं शिंगरू डिसेंबरात नेमकं असंच असतं, म्हणून लिहितोय.

आपल्याकडे मला भीती कासविंद्याची, म्हणजे टाकळ्यासारख्या दिसणाऱ्या रानटी झुडपाची. हिरवा असताना जनावर सहसा तोंड लावत नाही. गवत संपलं की शेंगांवर येतं. बिया सगळ्यात विषारी, स्नायू अन् यकृत दोन्हींवर जातात. टाकळ्याशी गल्लत करू नका: टाकळ्याचं पान टोकाला गोल, कासविंद्याचं टोकदार, शेंग चपटी. शेंगा पिकायच्या आत उपटा, अन् कुटारात, कडब्यात येऊ देऊ नका.

उत्तर (वरातीची घोडीवाला): आमच्याकडे चरण्याचा प्रश्न नाही, पण आठ दिवस उभी घोडी भरपूर चंदीवर (दाण्याच्या खुराकावर) ठेवून एकदम वरातीत नेली की मागचे पुठ्ठे दगडासारखे होतात. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करतो.

हिंगणा रोडवाला: लघवीचा रंग बदलतो का?

जुना पशुवैद्य: हो, कॉफीसारखी गडद होते. गोचिडांच्या तापातही लाल होते, म्हणून अंदाजाने औषध देऊ नका. अंग आखडलं अन् लघवी गडद दिसली तर जनावराला चालवू नका, फिरवल्याने स्नायू आणखी तुटतात. पाणी पुढे ठेवा, डॉक्टरला जागेवर बोलवा. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रक्त-लघवी तपासणीबद्दल विचारा. अन् शिंगराला आजपासून रोज संध्याकाळी वेगळा चारा टाका, उपाशी पोटी वावरात सोडू नका.