हानबांगचा (कोरियन पारंपरिक वैद्यकाचा) वजन-काढा सोलच्या ऑफिसात जमतो का?

रानजाई:
जमतो, आणि चांगला जमतो. वजन उतरवण्यासाठी हानुइसा (कोरियन वैद्य) देतात तो काढा साधारण १०० ते १२० मिलीच्या बंद पाकिटांत येतो. ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवायचा, घ्यायच्या वेळी पाकीट न फोडता गरम पाण्याच्या मगात पाच मिनिटं बुडवायचं. एक पाकीट नाश्त्यानंतर, दुसरं दुपारच्या जेवणाआधी. तीननंतर नको. जेवणात गुकबाप (रस्सा-भात) असेल तर भात अर्धा घ्या, खारट रस्सा सोडा, मांस मात्र सगळं संपवा.

कातळ:
तीननंतर का नको, तेही लिहा. यातल्या बहुतेक काढ्यांत माह्वांग, म्हणजे एफेड्रा ही उत्तेजक वनस्पती असते; तिचा मुख्य घटक एफेड्रिन. शरीरातलं एफेड्रिन निम्मं व्हायला सुमारे ६ तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलंत तर मध्यरात्रीही निम्मं अंगात. त्यात जेवणानंतरची आइस अमेरिकानो, म्हणजे बर्फाची काळी कॉफी, तीही उत्तेजकच! छातीत धडधड, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, उडालेली झोप. वजन उतरतं ते मुख्यतः भूक मेल्यामुळे. काढा थांबला की भूक परत येते. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्राची आहारपूरकं उगाच बंद केली नाहीत.

रानजाई:
ती बंदी पूरकांवर होती, पारंपरिक आशियाई वैद्यकातल्या वापराला त्या नियमातून वगळलं होतं. कोरियातही माह्वांग खाद्यपदार्थात चालत नाही, ते वैद्यच देतात. प्रकृतीनुसार उपचार सांगणारे कोरियन वैद्य ली जे-मा यांच्या परंपरेतल्या तएउमजोवितांग या काढ्यामध्ये माह्वांगसोबत यूलमू या धान्याचे दाणे, सुकं चेस्टनट, मुळ्याचं बी असतं. प्रकृती आणि मात्रा पाहून देणं हेच तर वैद्याचं काम.

कातळ:
मग मात्रा लेखी मागा: दिवसाला माह्वांग किती ग्रॅम? सांगायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड वाढलेलं किंवा गरोदरपण असेल तर माह्वांग नकोच.

सागरगोटा:
दोघांच्याही यादीतून एक गोष्ट सुटली. सर्दीच्या अनेक गोळ्यांत एफेड्रिनसारखंच स्यूडोएफेड्रिन असतं. माह्वांगवर ती घेतली की तोच परिणाम आणखी वाढतो. ऑफिसात सर्दी झाली की शेजारच्या टेबलावरून गोळी हमखास मिळते, आणि घोळ तिथेच होतो. औषधाच्या दुकानात नुसतं काढ्याचं नाव न सांगता ‘माह्वांग चालू आहे’ असंच सांगा.

होएशिकच्या, म्हणजे ऑफिसच्या रात्रीच्या जेवणाच्या दिवशी दुपारचं पाकीट वगळा. उत्तेजक अंगात असताना सोजूची (कोरियन दारूची) नशा कमी जाणवते, म्हणून माणूस जास्त पितो. पहिले दोन आठवडे सकाळी काढ्याआधी आणि दुपारी काढ्यानंतर तासाभराने रक्तदाब मोजून लिहून ठेवा, पुढच्या भेटीत वैद्याला दाखवा.